सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, तरी पाणी घाण का? भिवाडी-धारुहेरा प्रकरण समजून घ्या

भिवाडी हे नाव तुम्ही ऐकले असेल, तर बहुधा हवेमुळे. आयक्यूएअर या स्विस कंपनीच्या २०२१ च्या अहवालात हे शहर जगात सर्वाधिक प्रदूषित हवेचे ठरले आणि काही दिवस सगळ्या वाहिन्यांवर तेच चालले. भिवाडीच्या पाण्याची बातमी मात्र स्थानिक पुरवणीच्या पुढे क्वचित जाते. ती नीट वाचायला हवी, कारण आपल्याकडच्या कितीतरी नगरपालिकांना आत्ता सांडपाणी प्रक्रिया केंद्र मंजूर होत आहे. केंद्र उभे राहिल्यावर काय सुटते आणि काय तसेच राहते, हे या दोन छोट्या शहरांच्या भांडणातून जितके स्पष्ट दिसते तितके योजनेच्या माहितीपत्रकातून दिसत नाही.

नेमके प्रकरण काय आहे?

भिवाडी राजस्थानात आहे, पूर्वीच्या अलवर आणि आताच्या खैरथल-तिजारा जिल्ह्यात. त्याला लागूनच धारुहेरा, हरियाणाच्या रेवाडी जिल्ह्यात. दोन्ही शहरे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात येतात, म्हणजे आपण ज्याला दिल्ली एनसीआर म्हणतो त्यात. मधून राज्याची सीमा जाते, पण वस्ती जवळजवळ सलग आहे. कामगार एका राज्यात राहतात आणि दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात कामाला जातात. जमिनीचा उतार मात्र भिवाडीकडून धारुहेऱ्याकडे आहे.

त्यामुळे भिवाडीतून वाहणारे पाणी वर्षानुवर्षे धारुहेऱ्यात येत राहिले. घरांतले, कारखान्यांतले आणि पावसाळ्यात रस्त्यावरचे, सगळे एकत्र. हरियाणाचे म्हणणे, यात कारखान्यांचे रसायनमिश्रित पाणी आहे, ते राजस्थानने आपल्या हद्दीत थांबवावे. राजस्थानची बाजू अशी की पाणी नैसर्गिक उताराने जाते आणि त्यात पावसाचा व घरगुती वापराचा मोठा भाग आहे. शेवटी हरियाणाच्या बाजूने सीमेवर रस्त्याला उंचवटा बांधला गेला. स्थानिक लोक त्याला रॅम्प म्हणतात. पाणी धारुहेऱ्यात यायचे थांबले आणि भिवाडीच्या बायपासवर तुंबू लागले. तिथले दुकानदार आणि दुचाकीवरून पाळीला जाणारे कामगार गुडघाभर काळ्या पाण्यातून वाट काढू लागले. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले.

भिवाडीत उद्योगांसाठी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. धारुहेऱ्यात शहराच्या सांडपाण्यासाठी प्रक्रिया केंद्र आहे. म्हणजे भांडण केंद्र नसल्याचे नाही.

आता थोडे खाली जाऊ. धारुहेऱ्याजवळून साहिबी नदीचे पात्र जाते. अरवलीत उगम पावणारी ही नदी एरवी कोरडी, पण १९७७ मध्ये तिला आलेल्या पुराचे पाणी थेट दिल्लीपर्यंत पोहोचले होते. त्यानंतर दिल्ली-जयपूर महामार्गावर मसाणीला बंधारा बांधला गेला. पुढे अनेक वर्षे बंधारा होता आणि पाणी नव्हते. अलीकडे तिथे पाणी दिसू लागले, ते रेवाडी आणि धारुहेरा परिसरातल्या प्रक्रिया केंद्रांतून सोडलेले. आसपासच्या गावांची तक्रार अशी की या साठ्यामुळे विहिरी आणि बोअरचे पाणी बिघडले. हेही प्रकरण हरित न्यायाधिकरणासमोर आले.

साहिबीचे पात्र पुढे ढांसाजवळ दिल्लीत शिरते. तिथून तिचे नावच बदलते आणि ती नजफगढ नाला होते. ५७ किलोमीटर वाहून हा नाला वजीराबादजवळ यमुनेला मिळतो. वजीराबाद ते ओखला या २२ किलोमीटरच्या पट्ट्यात, म्हणजे नदीच्या एकूण लांबीच्या जेमतेम दोन टक्क्यांत, यमुनेच्या प्रदूषणाचा सुमारे तीन-चतुर्थांश भार पडतो. त्या भारात सर्वात मोठा वाटा याच नाल्याचा.

एकच उतार, दोन योजना

योजनांच्या भाषेत पाहिले तर हे प्रकरण आणखी गुंतते. २०११ च्या जनगणनेत भिवाडीची लोकसंख्या एक लाखाच्या थोडी वर भरली आणि धारुहेऱ्याची सुमारे ३० हजार. हा फरक साधा वाटेल, पण निधी कोणत्या खिडकीतून येणार हे त्यावर ठरते.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्राने दोन अभियाने एकाच दिवशी सुरू केली, अमृत २.० आणि स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.०. पहिल्या अमृत योजनेत एक लाखावरची ५०० शहरे होती. त्यांच्या सांडपाण्याची जबाबदारी अमृत २.० मध्ये आली. भिवाडी त्या यादीत आहे. एक लाखाखालच्या शहरांसाठी स्वच्छ भारत २.० मध्ये ‘वापरलेल्या पाण्याचे व्यवस्थापन’ हा नवा घटक आला. धारुहेरा आकाराने या गटात बसते. कारखान्यांचे पाणी तर दोन्हींच्या बाहेर. ते उद्योगांनी, औद्योगिक वसाहतीने आणि राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाहायचे. त्यात राज्ये दोन, म्हणून मंडळेही दोन.

थोडक्यात, एका उतारावरून वाहणाऱ्या पाण्यासाठी दोन अभियाने, दोन राज्यांची नगरविकास खाती, दोन प्रदूषण मंडळे आणि दोन पालिका. प्रत्येकाच्या अहवालात आपापल्या हद्दीपुरता रकाना असतो. ‘वरच्या शहराचे किती पाणी आमच्याकडे येते आणि आमचे किती खाली जाते’ असा रकाना प्रगती अहवालाच्या नमुन्यात नसतो. माझ्या मते या प्रकरणाची गाठ इथे आहे. रॅम्प हा त्या नसलेल्या रकान्याचाच सिमेंटमधला अवतार म्हणायचा.

हद्दीपलीकडे पाहण्याची तरतूद कायद्यात नाही असे मात्र नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम १६ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कामांची यादी आहे. राज्य मंडळांच्या कामात समन्वय साधणे आणि त्यांच्यातले वाद मिटवणे हे त्यातले एक काम. राजधानी क्षेत्रासाठी १९८५ च्या कायद्याने झालेले नियोजन मंडळही आहे, त्यात ही दोन्ही राज्ये आहेत. यंत्रणा हाताशी असताना उत्तर म्हणून रस्त्याला उंचवटा यावा, हे खटकते.

क्षमता किती, आणि खरी प्रक्रिया किती?

आता केंद्रांकडे वळू. बातमीत तुम्ही वाचता, ‘शहरात अमुक एमएलडीचे केंद्र कार्यान्वित’. एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. तुमच्या शहराला किती लागेल याचा हिशेब घरी करता येतो. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणीपुरवठा धरतात आणि त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होते असे मानतात. ३० हजारांच्या शहराला दिवसाला ४० लाख ५० हजार लिटर पाणी लागले, तर त्यातले साधारण ३२ लाख लिटर गटारात येईल. म्हणजे सव्वातीन एमएलडी. औद्योगिक शहर असेल तर भाड्याने राहणारे कामगार जनगणनेत पूर्ण धरलेले नसतात, म्हणून प्रत्यक्षात जास्तच.

पण केंद्राची क्षमता म्हणजे काय होऊ शकते, एवढेच. केंद्रीय मंडळाने २०२१ मध्ये देशभरातल्या केंद्रांची मोजदाद प्रसिद्ध केली. शहरी भारतात रोज ७२,३६८ एमएलडी सांडपाणी तयार होते. उभारलेली क्षमता ३१,८४१ एमएलडी. त्यातली चालू असलेली २६,८६९. आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होणारे पाणी २०,२३५ एमएलडी. पहिला आणि दुसरा आकडा सगळे वाचतात. दुसऱ्या आणि चौथ्या आकड्यांतले अंतर पाहा. जी केंद्रे बांधून झाली आहेत, त्यांतही सुमारे एक-तृतीयांश जागा रिकामी आहे. हरियाणासारख्या राज्याची क्षमता तर कागदावर तयार होणाऱ्या सांडपाण्याहून थोडी अधिकच भरते. तरीही मसाणीला तक्रार आहेच.

ही जागा रिकामी का राहते? केंद्र बांधले जाते, पण घरे वाहिनीला जोडलेली नसतात. जोडणीचा खर्च कोणी करायचा यावर गल्लीत वाद होतो आणि सेप्टिक टँक तसाच राहतो. तो उपसणारा टँकर रात्री कुठे रिकामा होतो, हे सगळ्यांना माहीत असते. कुठे केंद्र शहराच्या एका टोकाला आणि वस्ती वाढली दुसऱ्या टोकाला. कुठे वीजबिल. केंद्रातल्या टाक्यांत घाण खाणारे जिवाणू वाढवलेले असतात आणि त्यांना सतत हवा लागते. हवा सोडणारी यंत्रे हा केंद्राचा सर्वात मोठा वीजखर्च. पालिकेची तिजोरी आटली की पहिला हात त्या बटणावर जातो. एक-दोन दिवस यंत्रे बंद राहिली तर जिवाणू मरतात आणि पाणी जसे आले तसे बाहेर पडते. नोंदवहीत मात्र केंद्र ‘चालू’ असते.

औद्योगिक शहरांत आणखी एक अडचण असते. घरगुती सांडपाण्यासाठी बांधलेल्या केंद्रात एखाद्या कारखान्याने चोरून आम्ल किंवा रंगाचे पाणी सोडले, तर तेच जिवाणू एका रात्रीत जातात. आणि रसायने तशीच पुढे जातात, कारण विरघळलेले क्षार आणि जड धातू काढण्यासाठी हे केंद्र बांधलेलेच नसते. म्हणून शहरी आणि औद्योगिक पाणी वेगळे ठेवणे महत्त्वाचे. उघड्या नाल्यात मात्र दोन्ही एकत्र होतात.

अनुवादाचे काम करताना एक शब्द मला नेहमी अडवतो. धरणातून आलेले पाणी पिण्यायोग्य करणाऱ्या जागेला मराठीत जलशुद्धीकरण केंद्र म्हणतात आणि सांडपाण्याच्या जागेला सांडपाणी प्रक्रिया केंद्र. ‘प्रक्रिया’ हा शब्द प्रामाणिक आहे. काहीतरी केले, एवढेच तो सांगतो. बातम्यांत आणि फलकांवर मात्र तिथेही ‘शुद्धीकरण’ लिहिले जाते, आणि वाचणाऱ्याला वाटते की बाहेर पडणारे पाणी शुद्ध आहे.

नियमात बसणारे पाणी किती घाण असू शकते?

इथे बीओडी हा शब्द समजून घ्यावा लागेल. पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खर्च करतील त्याचे हे माप आहे. आकडा मोठा तेवढे पाणी घाण. आंघोळीयोग्य नदीसाठी बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा निकष आहे. प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत महानगरांना २० आणि इतर शहरांना ३० ही मर्यादा ठेवली. एप्रिल २०१९ मध्ये हरित न्यायाधिकरणाने ही सूट अमान्य करून १० चा कडक निकष सर्वच केंद्रांना लावण्याचा आदेश दिला. तुमच्या केंद्राच्या संमतीपत्रात यातला कोणता आकडा लिहिला आहे, हे पाहण्यासारखे आहे. खूप काही त्यावर ठरते.

आता ३ आणि ३० शेजारी ठेवून पाहा. छोट्या शहराचे केंद्र २०१७ च्या नियमात अगदी चोख बसले, तरी त्याचे पाणी आंघोळीच्या नदीच्या दहापट घाण असू शकते. नियम करणाऱ्यांचा यात निष्काळजीपणा नाही. नदीत स्वतःचे भरपूर पाणी असते, त्यात हे मिसळून पातळ होईल, असे यात गृहीत आहे. साहिबीत स्वतःचे पाणी नाही. मसाणीच्या बंधाऱ्यात जे साठते ते जवळजवळ सगळे केंद्रांतूनच आलेले. पातळ करायला काही नाही, पुढे वाहून जायलाही फारसा उतार नाही. अशा ठिकाणी केंद्र उत्तम चालले तरी बंधारा घाणच राहील आणि पाणी जमिनीत मुरत जाईल. म्हणून केंद्र मंजूर करतानाच ‘पाणी सोडणार कुठे’ हे विचारायला हवे. बहुतेक प्रस्तावांत याचे उत्तर ‘जवळच्या नाल्यात’ असे असते.

जमिनीत मुरणाऱ्या पाण्याचा संबंध थेट तुमच्या घागरीशी आहे. सांडपाणी भूजलात मिसळले की नायट्रेट वाढते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे आणि त्याहून जास्त नायट्रेट तान्ह्या बाळांना विशेष घातक असते. पाणी उकळले की जंतू मरतात, पण नायट्रेट आणि क्षार जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण थोडे वाढते. वास नाही, रंग नाही, म्हणून बोअरचे पाणी चांगले असेच आपण धरून चालतो. नाल्याकाठी किंवा केंद्राच्या खालच्या अंगाला तुमची बोअर असेल, तर वर्षातून निदान दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. जल जीवन मिशनमध्ये गावपातळीवर पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. तुमच्या गावात त्या कोण आहेत, हे ग्रामपंचायतीत कळेल.

आळंदीकडे पाहा

हे सगळे दूर हरियाणात घडते आहे असे वाटत असेल तर इंद्रायणीकडे पाहा. आळंदीची लोकसंख्या २०११ मध्ये ३० हजारांच्या आतबाहेर, म्हणजे धारुहेऱ्याएवढीच. लोणावळ्याजवळ उगम पावणारी नदी देहूवरून, पिंपरी-चिंचवडच्या कडेने आळंदीत येते. वारीच्या आधी नदीवर पांढऱ्या फेसाचे थर आल्याची छायाचित्रे तुम्ही दरवर्षी पाहत असाल. साबण आणि डिटर्जंटमधले घटक पाण्यात राहिले आणि ते पाणी बंधाऱ्यावरून खाली आपटले की असा फेस धरतो. आळंदी नगरपरिषदेने आपले सगळे सांडपाणी उद्या चोख प्रक्रिया करून सोडले, तरी वरून येणारा फेस थांबणार नाही.

इथे राज्याची सीमा नाही, प्रदूषण मंडळ एकच आहे. तरी महापालिका, नगरपरिषदा, ग्रामपंचायती, औद्योगिक वसाहती आणि महानगर प्रदेश प्राधिकरण एवढे घटक एकाच नदीवर आहेत. निधीचे गणितही वेगवेगळे. अमृत २.० मध्ये एक लाखाखालच्या शहराला प्रकल्पाच्या निम्मा खर्च केंद्राकडून मिळू शकतो, एक ते दहा लाखांच्या शहराला एक-तृतीयांश आणि त्यावरच्या शहराला २५ टक्के. लहान शहराला जास्त वाटा, हे योग्यच आहे. पण खालच्या छोट्या शहराचे पाणी वरच्या मोठ्या शहराच्या खर्चावर अवलंबून असते आणि त्या खर्चाची निकड वरच्या शहराला तेवढी जाणवत नाही.

मग काय करता येते?

एक उपाय योजनेतच लिहिलेला आहे, तो म्हणजे पाण्याचा पुनर्वापर. अमृत २.० च्या सुधारणांमध्ये शहराच्या पाण्याच्या गरजेपैकी किमान २० टक्के आणि राज्यपातळीवर उद्योगांच्या गरजेपैकी ४० टक्के गरज प्रक्रिया केलेल्या पाण्यातून भागवण्याचे उद्दिष्ट आहे. राजधानी क्षेत्रातच याचे उदाहरण आहे. गाझियाबाद महापालिकेने २०२१ मध्ये १५० कोटी रुपयांचे हरित रोखे काढले, ते साहिबाबादच्या उद्योगांना देण्यासाठी ४० एमएलडी सांडपाणी आणखी स्वच्छ करणाऱ्या प्रकल्पासाठी. आपल्याकडे नागपूरच्या भांडेवाडी केंद्राचे १३० एमएलडी पाणी कोराडीच्या वीज केंद्राला देण्याची व्यवस्था त्याहून जुनी आहे. भिवाडी आणि धारुहेरा ही दोन्ही कारखान्यांची शहरे. ज्या पाण्यावरून भांडण आहे त्याचे गिऱ्हाईक दारातच आहे, आणि हे पाणी घेतले तर उद्योगांचा भूजल उपसाही कमी होईल.

दुसरी गोष्ट पैशाच्या वाटपाची. नमामि गंगे कार्यक्रमात जानेवारी २०१६ मध्ये एक वेगळी पद्धत मंजूर झाली. ठेकेदाराला बांधकामाच्या काळात ४० टक्के रक्कम मिळते आणि उरलेली ६० टक्के पुढच्या १५ वर्षांत, केंद्र नीट चालवले तर. छोट्या शहरांतली केंद्रे बंद पडतात ती बहुतेक उद्घाटनानंतरच्या वर्षांत. त्या वर्षांशी पैसे बांधलेले असतील तर चालवणाऱ्याला रस राहतो. ही पद्धत नगरपालिकांच्या केंद्रांनाही लावायला हवी, असे माझे मत.

आणि तुमच्या हातात काय? पालिकेच्या सभेत किंवा माहिती अधिकाराच्या अर्जात क्षमता विचारू नका, ती फलकावर लिहिलेलीच असते. गेल्या बारा महिन्यांत केंद्रात रोज किती पाणी आले, बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या बीओडीचे आणि विष्ठेतील जंतूंचे म्हणजे फीकल कोलिफॉर्मचे महिनावार निष्कर्ष काय, नमुने केंद्राच्या ठेकेदाराने घेतले की मंडळाने, आणि वीजबिल किती आले, हे मागा. वीजबिल मागायला विसरू नका. केंद्र रोज चालते असे नोंदवही म्हणते आणि बिल निम्म्यावर आले असेल, तर पुढचे विचारायला तज्ज्ञ लागत नाही. संमतीपत्राची प्रत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. त्यात पाणी कुठे सोडायचे तेही लिहिलेले असते. ती जागा एकदा स्वतः जाऊन पाहा, शक्यतो मे महिन्यात, जेव्हा नदीत दुसरे कोणतेच पाणी नसते.